वरणातलं पाणी

ईरा आणि ओम,

"आजीला थोडा दम लागत होता, आता बरी आहे," एवढंच तुमच्या बाबाने तुम्हाला फोनवर सांगितलं. ते अर्धवट आहे. माझ्या आईलाही हाच आजार असावा असं डॉक्टरांना वाटतं, म्हणजे पुढे तुमच्यापैकी कोणाला तो होऊ शकतो. शिवाय घरी माझी देखभाल करणारी प्रज्ञा सोमवारी नांदुरा सोडते आहे. ती इथे आहे तोवर तिच्याकडून आकडे तपासून घेता येतील, म्हणून आजच लिहिते.

डॉक्टरांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली आणि म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे. घाबरू नका, हृदय बंद पडलेलं नाही. त्याचा जोर कमी झालाय." प्रत्येक ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. ते साठ टक्क्यांच्या आसपास हवं. माझं तीस होतं.

त्याआधी महिनाभर मला रोजची चप्पल घट्ट होत होती. दुपारी आडवं झालं की दम लागे, उठून बसलं की थांबे. मी ते वयावर ढकललं. तुम्ही तसं करू नका.

खामगावच्या दवाखान्यात पाच दिवस होते. डाययुरेटिक, म्हणजे जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारं औषध, सुईने दिलं. वजन चार किलोने उतरलं. घरी सोडताना तीन गोष्टी सांगितल्या: मीठ कमी, पाणी दिवसाला एक लिटर, रोज सकाळी वजन.

घरी मदतीला प्रज्ञा आली. ती माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, होती. पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीराची रचना आणि कार्य या विषयात, नापास होऊन घरी परतली. पुन्हा पेपर द्यायचा तर फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती. नाही दिला तर शिक्षण तिथेच संपणार होतं.

"बाई, तुमी सांगा. जमन का मले?"

मी तिची वही पाहिली. पानोपानी स्पेलिंग चुकलेली. "सगळा अभ्यास इंग्रजीत आहे, आणि पुढे तो वाढेल. तुला झेपणार नाही," मी म्हणाले.

"हाव," म्हणून ती माझ्या गोळ्या काढायला गेली.

पाणी मी चोख मोजत होते. सकाळी लिटरची बाटली भरायची, ती संपली की दिवसाचं पाणी संपलं. सगळं वहीत. तरी आठवड्यात वजन अडीच किलोने वाढलं, पावलं पुन्हा सुजली. मी पाच किलो गव्हाची पिशवी ठेवून वजनकाटा तपासला. काटा बरोबर होता.

प्रज्ञाने मापाचा ग्लास घेतला आणि माझी वाटी, चहाचा कप, ताकाचा पेला पाण्याने भरभरून मोजला. मग दिवसभर एका कागदावर काहीतरी लिहीत राहिली.

"बाई, तुमी बाटलीतलं मोजता. वरन कोन मोजते?"

"वरण जेवण आहे."

"जेवन आहे, पन पातय आहे ना! अन ताक काय सुकं असते?"

बेरीज एक लिटर नऊशे मिली निघाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खामगावला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तो कागद पाहिला. "हा तर इनटेक चार्ट आहे. कोणी केला?"

मी प्रज्ञाकडे बोट दाखवलं. "हिने," मी म्हणाले. "नर्सिंगला होती."

"होती म्हणजे?"

"नापास झाली. आणि मी तिला सोडून द्यायला सांगितलं."

डॉक्टर गोळी बदलून लिहीत होते. लिहिता लिहिताच म्हणाले, "याच चुकीने माझे कितीतरी पेशंट परत भरती होतात. ती पकडायला फिजिऑलॉजी समजलेली असावी लागते. स्पेलिंग माझंही चुकतं."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "फॉर्मची तारीख कधी?"

"परवा."

"भर."

"त्या दिवशी तं नाही म्हनत होत्या."

"तेव्हा मला सूज होती."

"पायालेच होती ना, बाई?" ती म्हणाली, आणि दोघी हसलो.

मग रोज दुपारी तिने मला एक प्रकरण वऱ्हाडीत समजावून द्यायचं आणि तेच इंग्रजीत चार लहान वाक्यांत लिहायचं. मी फक्त वाक्यं तपासायची. "किडनी मीठ धरून ठेवते, तं पानी त्याच्या मांगं मांगं जाते," हे मला इतकं सरळ आजवर कोणी सांगितलं नव्हतं. दोनदा तिने पुस्तक आपटलं, एकदा रडली. मी चहा दिला. माझाही घेतला, मोजून.

ती काठावर पास झाली. दुसरं वर्ष याहून अवघड आहे. तिला ते ठाऊक आहे आणि ती जाते आहे. माझं ऐकून तिने तेव्हाच नर्सिंग मनातून काढून टाकलं असतं तर हे पत्र लिहायला मी असते की नाही, सांगता येत नाही.

माझं हृदय आता पस्तीसवर आहे. यापुढे ते फारसं सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. जिना चढत नाही, वरची खोली बंद केली आहे. नजर, आठवण आणि इंग्रजी व्याकरण शाबूत आहे. वही चालू आहे. तीत आता वरणही लिहिलेलं असतं.