बाराशे पंचाण्णव मीटर

समरजित साळुंखेला धावायची आवड होती असं बडोद्यात कुणी सांगितलं तर खुशाल थापा समजा. त्याला उदयसिंहरावांचा राग होता. सात वर्षं तो रोज पहाटे उठून तो राग फिरवून आणत होता, एवढंच.

आता राग म्हणजे काही जमिनीचा किंवा भाऊबंदकीचा नव्हता. समरजित गोरव्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात तपासणी खात्यात होता. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, केसाएवढा जरी कमी भरला तरी लाल खूण करून परत पाठवायचा, हे त्याचं काम. राहायला पाणीगेटला. घरात वडील सुभानराव आणि बायको मृदुला. घराणं जुन्या संस्थानी फौजेतलं. आजोबा पागेत होते. सुभानराव पाहुण्यांना हे दर वेळी सांगत आणि दर वेळी ताठ बसत.

उदयसिंहराव समा भागातल्या धावपटूंच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची दरवर्षी शहरात मॅरेथॉन असे आणि तिचा विक्रम त्यांच्याच नावावर, दोन तास बत्तीस मिनिटं दहा सेकंद, एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा. मंडळाच्या खोलीत तो फळ्यावर सोनेरी अक्षरात होता. त्यानंतर वर्षभरात त्यांचा गुडघा गेला म्हणे. तेव्हापासून ते खुर्चीवर बसून शिट्टी वाजवत आणि बाकीच्यांना धावायला लावत.

दोन हजार अठराच्या जानेवारीत समरजितने पहिली मॅरेथॉन तीन तास सव्वीस मिनिटांत संपवली. नव्या सभासदांना मंडळ एक अर्ज भरायला देई. त्यात 'आपले ध्येय' अशी एक ओळ होती. लोक लिहायचे वजन कमी करणे, साखर आटोक्यात ठेवणे. समरजितने वळणदार अक्षरात लिहिलं, 'एलिट गटात धावणे.' मोठ्या शर्यतींत सगळ्यात पुढे उभी राहते ती रांग म्हणजे एलिट. तिथे छातीवर नंबराऐवजी धावणाऱ्याचं नाव असतं. ज्या शर्यतीवर समरजितचा डोळा होता, तिच्या भारतीय एलिट गटात शिरायला दोन तास पस्तीस मिनिटांच्या आतली वेळ लागत होती. तीन सव्वीसवाल्याने असं लिहिणं हा वेडेपणाच होता, पण तो त्याने एका खासगी कागदावर केला होता.

रविवारी मंडळाचा सेव उसळीचा नाश्ता होता. समरजित हौसेने वडिलांना घेऊन गेला. शंभरेक माणसं वाट्या घेऊन उभी होती. उदयसिंहरावांनी माईक घेतला आणि तो अर्ज वाचून दाखवला.

"ऐका रे, आपले पहिल्या पाळीचे इन्स्पेक्टर एलिट होणार! अरे भाई, ते लोक खातात, झोपतात आणि धावतात. बाकी कामच नाही त्यांना. तू आठ तास उभा राहून नटबोल्ट मोजणार आणि त्यांच्याबरोबर पळणार?" मग त्यांची नजर सुभानरावांकडे गेली. "याचे आजोबा आमच्या पागेत होते ना? घोड्यांना चारा घालायचे. तेसुद्धा रोज घोड्यांबरोबर पळत होते. झाले का घोडा?"

हशा पिकला. सुभानरावांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि ते रिक्षा शोधायला फाटकाबाहेर गेले. त्यानंतर आजोबांचा विषय सुभानरावांनी पाहुण्यांसमोर कधी काढला नाही.

आता खरं सांगायचं तर उदयसिंहराव चारा-घोड्याचं जे बोलले ते नीचपणाचं होतं, पण आधीचं जे बोलले ते फारसं खोटं नव्हतं. नोकरी करणारा माणूस एलिट होऊ शकतो का, हे समरजितने पुढची सात वर्षं स्वतःच्या हाडांवर करून पाहिलं. पहाटे चारला उठायचं, समाच्या मैदानापर्यंत आणि परत, सातला कारखान्यात हजेरी. आठवड्याला शंभर-एकशेदहा किलोमीटर. पहिल्या वर्षात तीन सव्वीसचे तीन तास चार मिनिटं झाले. मग दोन एक्कावन्न. करोनाच्या साली सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांभोवती धावला. शेजारणीने तक्रार केली, तरी धावला. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, चार महिने बसला. पुढे दोन पंचेचाळीस, दोन एक्केचाळीस. पहिली वीस मिनिटं एका वर्षात सुटली होती, शेवटची दोन सुटायला दोन वर्षं लागली. दोन एकोणचाळीसवर तो असा अडकला की काही केल्या हलेना. दर वेळी तिसाव्या किलोमीटरला पाय शिसं व्हायचे. मग तो मनात तो माईकवरचा आवाज लावायचा आणि पुढे जायचा. लोक केळं खातात, हा अपमान खायचा.

आणि मग या जानेवारीत, आपल्या बडोद्यात, त्या नाश्त्यानंतर पहिल्यांदाच मंडळाच्या शर्यतीत उतरून त्याने दोन तास चौतीस मिनिटं वीस सेकंद घेतले. पस्तीसच्या आत! त्याने मंडळाचं प्रमाणपत्र त्या मोठ्या शर्यतीला पाठवलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. एलिट गटात निवड झाली होती आणि छातीवर 'साळुंखे' छापून येणार होतं. सुभानरावांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. त्या संध्याकाळी शेजारचे दिनकरराव आले, तेव्हा सात वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा पागेचा विषय काढला.

मंडळानेही सत्कार केला. उदयसिंहरावांनी हार घातला आणि माईकवर म्हणाले, "शाबास. पण फळा बघितलास ना? आपल्या रस्त्यावर तू दुसराच."

म्हणजे हा एलिट होऊनही त्यांच्या तोंडचं हसू तसंच. समरजित हार घेऊन घरी आला आणि तो त्याने मोरीत टाकला.

पण त्याला एक गोष्ट आतून टोचत होती, आणि ती रागाची नव्हती, धंद्याची होती. जो भाग चार यंत्रांवर एकसारखा भरतो आणि पाचव्यावर वेगळा, त्यात बहुतेक वेळा पाचवं यंत्र बिघडलेलं असतं. बाहेरगावच्या चार शर्यतींत तो दोन एकोणचाळीस धावला होता. घरच्या शर्यतीतच पाच मिनिटं कुठून आली? सगळ्यांच्या मनगटावरची घड्याळं या शर्यतीत चाळीस किलोमीटर नऊशे दाखवत. त्यावर उदयसिंहराव वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते, जुन्या शहरातल्या गल्ल्यांत घड्याळं गडबडतात. आणि ते सगळ्यांना पटत होतं, कारण कुणाला आपली वेळ वाईट व्हायला नको होती.

रविवारी उजाडता उजाडता समरजितने मृदुलाची जुनी सायकल काढली. कारखान्यात नग मोजायला असतो तसला काउंटर त्याने पुढच्या चाकाला लावला. आधी सरळ रस्त्यावर पोलादी टेप अंथरून तीनशे मीटर आखले. टेपचं दुसरं टोक मृदुलाने धरलं होतं. ते अंतर चार वेळा सायकलने तोडून चाकाच्या एका फेऱ्याची लांबी पक्की केली.

"अहो, शर्यत तर झाली. आता काय मोजताय?" तिने विचारलं.

"उदयसिंहरावांना."

पूर्ण मार्ग त्याने लागोपाठ तीन रविवारी मोजला. एकदाच मोजलेलं तो खरं धरत नसे. तिन्ही वेळा उत्तर चाळीस किलोमीटर नऊशेच्या आसपास आलं, चार-पाच मीटर इकडेतिकडे. मॅरेथॉन असते बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटरची. बाराशे पंचाण्णव मीटर बेपत्ता होते.

ते कुठे गेले हेही त्याने शोधलं. नव्व्याण्णव साली मार्ग जीपच्या मीटरवर आखला होता, आणि जीप उदयसिंहरावांची होती. मांडवीपासून पाणीगेटपर्यंतच्या बाजारातून तेव्हा गाडीला मनाई होती. जीप मागच्या रस्त्याने वळसा घालून आली. शर्यतीच्या दिवशी धावणारे बाजारातून सरळ आले. एका फेरीत साडेसहाशे मीटर वाचले, आणि फेऱ्या दोन.

समरजितने कागदावर हिशेब मांडला. पूर्ण अंतर धरलं तर उदयसिंहरावांचा विक्रम दोन तास सदतीस मिनिटांचा होत होता. ज्या माणसाने शंभर जणांत त्याच्या आजोबांना घोड्यामागे पळवलं, तो स्वतः कधीच एलिट नव्हता. समरजितला इतका आनंद झाला की त्याने एकट्यानेच टेबलावर थाप मारली. मग त्याच कागदावर खाली त्याने स्वतःची वेळ मांडली. दोन एकोणचाळीस तेरा. म्हणजे हा कागद बाहेर पडला की फळ्यावरचं सोनं जाणार आणि घरातलं पत्रही जाणार.

समामधल्या बंगल्यावर तो संध्याकाळी गेला. उदयसिंहराव झोपाळ्यावर होते. त्यांनी कागद वाचला. मग त्यांनी झोपाळा पायाने थांबवला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दोन हजार साली बाहेर धावायला गेलो तर दोन अडतीस आले. घरी आलो आणि बाजार सायकलने मोजला. तेव्हापासून ठाऊक आहे."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काही झालं नाही. परत धावलो असतो तर लोकांनी विचारलं असतं ना, मागच्या वेळेसारखं का येत नाही म्हणून." ते खाली बघत होते. "तुझा अर्ज वाचला तेव्हा वाटलं, मला जमलं नाही ते या पोराला काय जमणार. आणि जमलं तर? ते तर मला बघवलंच नसतं."

समरजितला दया यायला हवी होती. आली नाही. वाटी खाली ठेवणारे वडील त्याला दिसत होते, आणि या माणसाला बरं वाटावं असं काहीही त्याला बोलायचं नव्हतं.

"काका, मी हे पाठवणार."

"वेडा आहेस का? तुझंच जाईल की. फाड तो कागद. पुढच्या वर्षी रस्ता बदलून टाकू, कुणाला पत्ता लागणार नाही. तू पळ ना मजेत, नाव छापून."

"तुमच्यासारखा?" समरजित म्हणाला आणि उठला.

घरी मृदुलाने सगळं ऐकून घेतलं. ती मुद्द्याचं विचारणारी बाई. "खऱ्याची चाड म्हणून करताय की रागाने?"

"रागाने."

"मग निदान बाबांना आधी सांगा."

सुभानरावांना त्याने सांगितलं. त्यांनी कपाटातून ते पत्र काढलं, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. "पाठव," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर ते गॅलरीत जाऊन बराच वेळ बसले. दिनकरराव खालून हाका मारत होते, तरी त्यांनी ओ दिली नाही.

कागद गेला. मंडळाला, मोठ्या शर्यतीला, ज्याला ज्याला पाठवायचा त्याला. आठवड्याभरात उत्तर आलं, निवड रद्द, सर्वसाधारण गटात स्वागत आहे. मंडळाने फळा उतरवला. समरजित मुद्दाम बघायला गेला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला होता. त्याला फार बरं वाटलं. आपलं गेलं त्याचं दुःख होतंच, पण उदयसिंहरावांचं गेलं याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. आता फक्त त्या माणसाचं पडलेलं तोंड बघायचं राहिलं होतं.

त्यासाठी तो रविवारी मैदानावर लवकर जाऊन उभा राहिला. उदयसिंहराव येणारच नाहीत असं सगळे म्हणत होते. ते आले. अंगात पांढरा बनियन, जुनी अर्धी चड्डी, पायात कोरे करकरीत बूट. खुर्चीकडे ते फिरकलेच नाहीत. नव्या सभासदांच्या मागे उभे राहिले आणि शिट्टी झाली तसे धावायला लागले.

साठीच्या आसपासचा माणूस, पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. हातपाय वेडेवाकडे पडत होते, श्वास लांबून ऐकू येत होता. पाच किलोमीटरना त्यांना चाळीस मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर ते हसत होते. कुणीतरी विचारलं, "केम, काका, कसा आहे गुडघा?" तर मोठ्याने म्हणाले, "गुडघा मस्त आहे! आणि माझी खरी वेळ दोन सदतीस बरं का, खरं सांगतो, साचुं कहूं छुं!" लोक टाळ्या वाजवायला लागले.

समरजित हाताची घडी घालून उभा होता. लाल तोंडाने, धापा टाकत ते सरळ त्याच्याकडे आले आणि त्यांनी घामट हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"काल रात्री काय झोप लागली मला, तुला सांगू! सुटलो बघ." मग त्यांचा चेहरा उतरला, आणि तो खोटा नव्हता. "पण तुझं एलिट गेलं रे. फार वाईट वाटलं मला."

समरजितने शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती, रडणं ऐकायचीही ठेवली होती. त्याने तो हात खांद्यावरून काढला. उदयसिंहराव पाणी प्यायला गेले, आणि जाता जाता दोन पावलं पुन्हा धावले.