देव्हाऱ्याच्या नकाशातली फट

दोन हजार सहा साल, आणि मला पासष्टावं लागलेलं. शाळा माझी चौथीत सुटली. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. त्या वयात मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकलो. का शिकलो ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल म्हाताऱ्याला हौस आली. हौस नव्हती, राग होता.

मी मूळचा साताऱ्याकडचा सुतार. विशीत मद्रासला आलो तो संरक्षण खात्याच्या कारखान्यात, सुतारशाळेत लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. मग अंबत्तूरला पत्र्याची एक शेड घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. देव्हारे, झोपाळे, दरवाजे. गिऱ्हाईक यायचं, मी प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलने चित्र काढून दाखवायचो, ते मान डोलवायचं. संपला व्यवहार. मग पेरुंगुडीकडे फ्लॅट उठले आणि फ्लॅटमागून घर सजवून देणारी ऑफिसं आली. गिऱ्हाईक माझ्याकडे यायचंच बंद झालं. ते त्या ऑफिसात जायचं, आणि ऑफिसवाले मला विचारायचे, "ड्रॉइंगची फाईल आहे?" प्लायवुडचा तुकडा दाखवला की ते असं हसायचे, जसं कुणी पोस्टात कबुतर घेऊन गेलंय.

एका रात्री जेवताना माझा मुलगा म्हणाला, "बा, आता शेड बंद करा. या वयात पत्र्याखाली उन्हात कशाला बसायचं?" तो श्रीपेरुंबुदूरला मोटारीच्या कारखान्यात नकाशे काढण्याच्याच खात्यात. सकाळी अंधारात कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी दिवे लागताना उतरायचं. इथेच जन्मलेला, त्यामुळे मराठी बोलतो ती अर्धी तमिळ. पण बोलला ते मला स्वच्छ लागलं.

मी म्हणालो, "माझी फाईल मी काढीन."

"मी काढून देतो ना बा. रविवारी, दोन तासांत."

"माझी फाईल मी काढीन. त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर शेडची किल्ली तुझी."

आमची बायको तंजावरच्या मराठ्यांपैकी. तिचं मराठी जुनं, आणि त्यात सांबारासारखं सगळं पडतं. रस्सम वाढता वाढता ती म्हणाली, "सरी, बरं. हात म्हणालात हें मी ऐकलें." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घराजवळ एक कॉम्प्युटरचा क्लास होता. शिकवायला पंचविशीची तमिळ मुलगी. पहिल्या दिवशी तिने मला तात्ता म्हटलं, म्हणजे आजोबा. मी म्हटलं, अय्या म्हण, म्हणजे साहेब. महिनाभर ती अय्याच म्हणत होती, आणि मी चुकलो की हळूच तात्ता. इंग्रजी मला अक्षर अक्षर लावून वाचता येतं, म्हणून बटणं मी चित्रावरून ओळखायचो. झाडू म्हणजे पुसणं. मागे वळलेला बाण म्हणजे माघार. माघारीचा मी त्या महिन्यात जेवढा वापर केला, तेवढा आयुष्यात कधी केला नव्हता.

अडचणी पहिल्या दिवसापासून. मी अर्धा झोपाळा काढला, उंदराचं चाक जरा फिरलं, आणि पडद्यावर नुसता काळोख. मी ओरडलो नाही, पण उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "अय्या, झोपाळा कुठे गेला नाही. तुम्ही लांब गेलात." तिने दोन अक्षरं दाबली आणि झोपाळा होता तिथे आला. दुसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्याची कमान काढली, गोल, माझ्या आवडीची, तर जवळून बघतो तो तिला कोपरे. गोल कमानीला कोपरे म्हणजे सुताराच्या तोंडावर मारणं. मी म्हटलं, हे मशीन खोटं बोलतं. ती म्हणाली, खोटं नाही, आळस. चित्र पुन्हा नीट काढ असं त्याला सांगावं लागतं. ती आज्ञा टाइप केली की कमान गोल. आळशी कारागीर मी खूप पाहिलेत, त्यामुळे हे मला पटलं. पहिला कागद छापून निघाला तेव्हा देव्हारा पोस्टाच्या तिकिटाएवढा. तिथे मात्र चूक माझी, मापाचं प्रमाण द्यायचं राहिलं होतं.

एकाच गोष्टीवर माझं आणि तिचं जमलं नाही. त्या मशीनला एक खोड होती. रेघ कोपऱ्याजवळ नेली की ती रेघ आपणहून ओढून कोपऱ्याला चिकटवायचं. मी म्हटलं, माझी रेघ ओढणारा हा कोण? बंद कर. ती म्हणाली, सगळे चालूच ठेवतात. मी म्हटलं, सगळ्यांचे दरवाजे पावसाळ्यात अडकतात. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण बंद करून दिलं.

याचं कारण सांगायला हवं. लाकूड मेलं तरी श्वास घेतं. या समुद्राकाठच्या हवेत ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून दाराच्या चौकटीत आतली फळी मी कधी घट्ट बसवत नाही. खाचेत सैल ठेवतो, चारी बाजूंनी फट, नखाएवढी. हे मला गावाकडच्या वस्तादाने शिकवलं आणि मद्रासच्या हवेने पक्कं केलं. पेन्सिलने काढतानासुद्धा फळीची रेघ मी चौकटीच्या रेघेला टेकू देत नाही. अलीकडेच थांबवतो. हात तिथे थांबतोच, मला सांगावं लागत नाही.

मग एक काम आलं. पेरुंगुडीच्या एका जोडप्याने माझा जुना देव्हारा कुणाच्या तरी घरी पाहिला होता आणि हट्ट धरला की असाच हवा, याच माणसाकडून. त्यांच्या ऑफिसवाल्यांनी मला निरोप दिला: परवा सकाळी दहापर्यंत फाईल आणा, सीडीवर. लाकूड, काच आणि पितळ वेगवेगळ्या भरावाने, म्हणजे आत भरलेल्या रेघांच्या नक्षीने, दाखवलेलं पाहिजे. नाही आलात तर आमच्याकडे तयार देव्हाऱ्यांचा माल आहे. म्हणजे हे गेलं, तर त्या ऑफिसांची दारं मला बंदच, आणि शेड चालवायला दुसरं काही उरत नव्हतं. किल्लीचं मी बोलून बसलोच होतो.

आदल्या दिवशी दुपारी मी घरच्या कॉम्प्युटरवर बसलो. तो मुलाचा. बायको त्यावर धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचं कापड घालायची, ते काढलं, घडी केली, बसलो. चारपर्यंत सगळा देव्हारा उभा राहिला. कमान, दोन्ही दारं, खाली कप्पा, वर घंटांची ओळ. मग भराव. काचेचा झाला. पितळेचा झाला. दारांच्या फळ्यांत लाकडाचे रेषे भरायला गेलो, तर मशीन नाही म्हणालं. मी अक्षरं लावून वाचलं: हद्द बंद नाही. मी डोळे जवळ नेऊन पाहिलं, दार तर चांगलं दिसत होतं. पुन्हा भरलं. पुन्हा नाही. दुसऱ्या दारात, तेच. एकदा कसंबसं भरलं, ते फळी सोडून सगळ्या चौकटीत आणि कमानीपर्यंत सांडलं. माघार घेतली. क्लास बंद, ती मुलगी लग्नाला तिरुच्चीला गेलेली.

दिवेलागणीला मुलगा आला. बूट काढता काढता पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बा, काय प्रॉब्लेम?"

"काही नाही."

"बघू का?"

"किल्ली पाहिजे का तुला?"

तो आत गेला. स्वयंपाकघरात भांडी वाजली, कॉफीचा वास आला, कुजबूज झाली. मी कान दिला नाही. म्हणजे दिला, पण वर पंखा कुरकुरत होता.

बायको कॉफी घेऊन आली. डबरा, म्हणजे कॉफीची खोल वाटी, आणि गिलास माझ्याजवळ ठेवून जाईल वाटलं, तर उभीच राहिली. पडदा बघू लागली. आजवर तिने त्या कॉम्प्युटरकडे पाहिलं होतं ते फक्त धूळ बघायला.

"अहो, मी रांगोळींत रंग कधीं भरतें?"

"मला काय माहीत."

"चाळीस वर्षं दारांत ओलांडून जाता. ओळ पुरी मिटल्यावर भरतें. एक कोपरा उघडा राहिला कीं रंग सगळा बाहेर."

"मग?"

"मग काय. फळीचा कोपरा झूम करून बघा."

मी कॉफी खाली ठेवली. "काय करून?"

"झूम," ती म्हणाली, जशी काही रोज मंडईतून पाव किलो आणते.

मी चाक फिरवलं. कोपरा मोठा झाला, आणखी मोठा, आणि दिसली. वरची रेघ आणि चौकट यांच्यामध्ये फट. खालच्या कोपऱ्यात फट. चारी कोपऱ्यांत, दोन्ही दारांना. माझा हात सवयीने जिथे थांबतो, तिथेच थांबला होता. दुरून बंद वाटणाऱ्या त्या फळीत चार खिडक्या होत्या आणि भराव त्यातून पळत होता.

मी म्हणालो, "ही फट चुकून नाही. मी सोडली आहे. ही मी बंद करणार नाही."

"अय्यो. कां?"

"उद्या कागदावर फट नाही म्हणून कुणी फळी घट्ट बसवली, तर ऐप्पसीच्या, दिवाळीतल्या पावसात दार उघडणार नाही. देव आत अडकतील."

ती आत गेली. पुन्हा कुजबूज, या वेळी कुणीतरी हसलंही. ती परत आली, पदराला हात पुसत. "फळीस तिच्या स्वतःच्या चार भिंती द्या म्हणे. चौकटीची भिंत उसनी घेऊं नका. फळी आपली पुरी, चौकट आपली पुरी, आणि मध्यें फट तशीच."

"कोण म्हणे?"

"कोण म्हणणार? मी म्हणतें." आणि माझ्याकडे न बघता उशीचा अभ्रा नीट करू लागली.

मी पडद्याकडे बघत बसलो. बरोबर होतं. खरी फळीही अशीच असते. ती काही चौकटीची कड आपली म्हणून वापरत नाही, तिला तिची कड असते. मी फळीच्या फक्त वरखालच्या रेघा काढल्या होत्या, बाजूंना चौकटीवर भागवलं होतं, आणि वर त्याही रेघा अलीकडे तोडल्या होत्या. सुतारानं कागदावर केलेला आळस.

कोपरा ओढून घेणारी ती खोड मी चालू केली. बटण मला ठाऊक होतं, रोज रागाने बघायचो त्याच्याकडे. प्रत्येक फळीला चार रेघा दिल्या, आणि रेघ कोपऱ्याला गेली की टक् करून बसत होती, जशी चांगली खुंटी बसते. चारी बाजूंना नखाएवढी फट मोजून ठेवली. भराव दिला. सागाचे रेषे फळीच्या आत उभे राहिले आणि कडेला येऊन थांबले, एकही बाहेर नाही.

"झालं," मी म्हणालो. मोठ्याने, म्हणजे आत जावं असं.

मुलगा दारात आला. हात पाठीमागे बांधून. "बघू शकतो का? नुसतं?"

"बघ."

तो वाकून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बा, ती कमान मी अशी काढली नसती."

"चांगली का वाईट?"

"मी कोपऱ्यात कंपास लावला असता. ही जरा हाताने ओढल्यासारखी आहे. तशीच ठेवा."

सीडी मीच भरली. त्याने फक्त डबीचं झाकण उघडून दिलं, आणि तेवढ्यावर बायको म्हणाली, "झाकण फाईलींत येत नाहीं." जेवताना किल्लीचा विषय निघाला नाही. ती खिळ्याला होती, तिथेच राहिली; हात तर दुसऱ्या कुणाचा लागलाच नव्हता. मीही झूमचा विषय काढला नाही. ज्याला किल्ली हवी असते तो स्वयंपाकघरात बसून कुणाला शिकवत नाही, एवढं मला चौथीच्या आतच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघालो. बायको दारात रांगोळी काढत होती. रंग भरून होईपर्यंत मी सीडी हातात धरून थांबलो, आणि मग कडेने गेलो. पेरुंगुडीच्या ऑफिसात एका बाईंनी फाईल उघडली, फळीजवळ गेल्या आणि विचारलं, ही मोकळी जागा कसली? मी म्हटलं, पावसाची. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली माप लिहिलेलं वाचलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, लाकूड घ्या. बाहेर दुकानापाशी रुपया टाकून बोलायचा पिवळा फोन होता. मी मुलाला लावला.

"मंजूर झालं," म्हटलं. "स्वयंपाकघरातून तू बरा शिकवतोस."

 मागे मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "आई म्हणाली होती, तुम्हाला काही कळलेलं नाही."

"नाहीच कळलेलं," मी म्हणालो. "तिला तसंच सांग."

आणि फोन ठेवून वखारीकडे जाणारी बस धरली.