जपानी टायरांवर उदगीरची फेरी

धाकट्या बहिणीला, सुनीला, सातवा लागला. पहिल्या बाळंतपणासाठी तिला उदगीरहून सीमेपलीकडे, राजधानीतल्या हिमायतनगरला माहेरी आणायचं काम माझ्याकडे आलं. रस्ता खराब, म्हणून गाडीला चारही टायर नवे घालायचं ठरवलं. गौलीगुड्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने "जपान का असली माल" म्हणून चार टायर पुढे ठेवले. आमच्या घरात बाहेरच्या मालाचं भारी कौतुक. जुने तिथेच देऊन मी ऐटीत निघालो.

आमच्या तेलुगू राज्याची वाटणी नुकतीच झालेली. हॉटेलात, पेट्रोल पंपावर तोच विषय. पटनचेरूपर्यंत ट्रकांची गर्दी असते, म्हणून सकाळी सहाला निघा. वाटेतल्या सदाशिवपेठ गावी गरम इडली खा, मग जहीराबाद, बिदर करत अकरापर्यंत उदगीर येतं. मीही तसाच पोचलो. सुनीच्या सासूबाईंनी धपाटे आणि दही वाढलं.

"जपून चालवा हो, दोन जीव आहेत गाडीत."

"मावशी, जपानी टायर आहेत!" मी म्हणालो. हे आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

परतताना जहीराबादला हवा भरायला थांबलो. पंक्चरवाले चाचा मागच्या टायरापाशी वाकले आणि तसेच राहिले. टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला होता आणि आजूबाजूला बारीक भेगा.

"कब डाले साब?"

"परसो. जपान का है."

"मुल्क नक्को देखो, तारीख देखो. ये आखरी चार आकडे, तेईस और छे. २००६ का तेईसवाँ हफ्ता. माल अच्छाइच था, आठ साल गोदाम में पड़े-पड़े सूख गया."

मी गाडीत पाहिलं. मागच्या सीटवर सुनी पोटावर हात ठेवून बसली होती. चाचांनी फुगलेला टायर काढून स्टेपनी लावली. उरलेले तीनही त्याच तारखेचे. चाळीसच्या वर काटा जाऊ न देता मी घामाघूम होऊन गाडी हाकली. सदाशिवपेठजवळ टायरच्या कारखान्याची पाटी दिसली. स्टेपनी तिथलीच, आणि मी देऊन टाकलेले चारही तिथलेच.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," सुनी म्हणाली. "दादा, तू बी हौलाच आहेस, अगदी येडा."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार शांत. "आप मुल्क पूछे साब, साल तो पूछे नै." वर थोडे पैसे घेऊन त्याने ताजे देशी टायर बसवून दिले आणि जपानी परत घेतले. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

"मग ते टायर कुठं आहेत?" सुनीने विचारलं.

"त्याच्याकडेच."

"तो काय फेकून देणार आहे का ते?"

मला हे सुचलंच नव्हतं. सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. फुगलेला एक कोपऱ्यात पडला होता, बाकी फळी रिकामी होती.

"कल शाम कू निकल गए. फॅमिली की गाडी थी." कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. पावती केलीच नव्हती.

सुनीला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. त्या दुसऱ्या गाडीत कोण बसतं, हे मात्र मला कळलेलं नाही. तुम्ही कुठेही निघालात तरी आधी खाली वाकून टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. जपानी असतील आणि २३०६ दिसलं, तर कदाचित ते मीच परत केलेले आहेत. आजच काढा.