आधी बुडखा दाखव

हिनेक दोलेझेल जन्माचा भित्रा. ही काही त्याची निंदा नव्हे, तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. लिफ्टला भ्यायचा, कुत्र्यांना भ्यायचा, तिकीट खिशात असताना तिकीट तपासनिसाला भ्यायचा. प्रवासाचं नाव काढलं की आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात कळा सुरू. शाळेची सहल निघाली की गावाची वेस ओलांडायच्या आत त्याच्यासाठी बस दोनदा थांबवावी लागे. चेक देशातल्या व्हिसोचिनाच्या डोंगरात, चारशे वस्तीच्या गावात असली गोष्ट लपते थोडीच! पोरांनी त्याचं नाव ससोबा ठेवलं. पुढे तो ब्रनोला भूमापन शिकायला गेला तर हे नावही पाठोपाठ तिथे पोचलं, कारण गावच्या खाटकाचा मुलगा राडेक त्याच्याच वर्गात होता.

एका ठिकाणी मात्र ससोबाचा वाघ व्हायचा. सप्टेंबर लागला की आमच्याकडे डॉक्टरपासून गटार साफ करणाऱ्यापर्यंत सगळे टोपली घेऊन रानात शिरतात, आळंबी वेचायला. हिनेकची आई यारमिला गावच्या पोस्टात बसायची, पण तिच्या खिडकीशी तिकिटांपेक्षा आळंबीवालेच जास्त. "यारमिला, बघ गं, ही खाल्लेली चालेल का?" ती मान वर न करता म्हणायची, "आधी बुडखा दाखव." आळंबी चाकूने कापायची नाही, बोटांनी फिरवून देठासकट जमिनीतून उपसायची, हा तिचा नियम. सगळ्यांत विषारी आळंबी म्हणजे हिरवी माशीमार. वरून ती गरीब गाय दिसते, पण तिच्या बुडाशी मातीत एक पांढरी पिशवी असते. ती पिशवी हीच तिची ओळख. कापून घेतली की ओळख जमिनीतच राहिली.

यारमिलाचा दुसरा नियम होता: जो तळेल त्याने पहिली खायची, सगळ्यांच्या देखत. याचं कारण तिने कधी सांगितलं नाही. हिनेकला वाटायचं, आई मीठ बघते.

दुसरं वर्ष संपलं आणि कॉलेज उघडायच्या आधी चौघांनी मिळून महिनाभराचा रेल्वेचा पास काढला. हिनेक, राडेक, सगळ्यांची व्यवस्था बघणारी आनेझ्का आणि ब्रनोतच वाढलेली शार्का. व्हिएन्ना, ग्राट्स, ल्युब्लियाना, मग व्हेनिस आणि फ्लोरेन्स. हिनेकच्या आईने "जा बाबा एकदाचा" म्हणून ढकललं, तेव्हा कुठे तो निघाला.

व्हिएन्नात तिघं मोठ्या आकाशपाळण्यात बसले आणि हा खाली चौघांच्या सॅका सांभाळत उभा राहिला. ग्राट्सला किल्ल्यावर जायला लिफ्ट होती, तर हा पायऱ्यांनी गेला, तेही भिंतीच्या बाजूने.

"ससोबा, व्हेनिसला काय करणार आहेस?" राडेक म्हणाला. "तिथे रस्त्यांतच पाणी असतं."

"मी स्टेशनवर बसेन."

"स्टेशनच्या पायरीला पण पाणी लागतं, राजा."

हिनेक हसला. आपण या तिघांच्या सहलीतलं जास्तीचं सामान आहोत, असं त्याला वाटायला लागलं होतं. ते कोणी बोललं नव्हतं म्हणून त्याला ते जास्तच खरं वाटे.

ल्युब्लियानाला दोन दिवस पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. शहराला लागून एक झाडीभरली टेकडी आहे. चौघं सहज फिरायला म्हणून वर गेले आणि झाडाखाली हिनेकला 'बेडला' जातीच्या आळंब्या दिसल्या, ताटाएवढ्या छत्र्यांच्या, वर तपकिरी खवले असलेल्या. आमच्यातल्या कोणालाही विचारा, पीठ, अंडं आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून अख्खी तळलेली बेडला समोर आली तर माणूस मटणाच्या कटलेटकडे बघत नाही.

हिनेक पार बदलला. गुडघे टेकून बसला, देठ फिरवून उपसला, माती झटकली, वास घेतला. आवाज चढला, पाठ ताठ झाली. "ही बघ, देठाला सापाच्या कातड्यासारखी नक्षी. हे कडं वर खाली सरकतं. सरकलं पाहिजे." आनेझ्का फोनवर फोटो काढत होती. शार्काने आयुष्यात आळंबी फक्त दुकानात पाहिलेली. ती लहान मुलीसारखी त्याच्या मागे मागे.

"हा आपल्यात होता आणि आपल्याला पत्ताच नाही!" ती म्हणाली. "हिनेक बरोबर असल्यावर भीती कसली?"

'हिनेक बरोबर असल्यावर भीती कसली' हे वाक्य त्याच्या वीस वर्षांच्या आयुष्यात कोणी उच्चारलं नव्हतं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात राडेक पलीकडच्या ओकांखालून आला. जॅकेटच्या झोळीत पाच छत्र्या. सगळ्या खिशातल्या चाकूने देठापासून छाटलेल्या. तीन मोठ्या खवलेदार बेडला, आणि दोन जरा लहान, फिकट. "घ्या प्रोफेसर, माझाही हातभार."

हिनेकच्या जिभेवर शब्द आले होते: आधी बुडखा दाखव. पण ते म्हटलं असतं तर राडेक म्हणाला असता, घाबरला बघा ससोबा. शार्का बघत होती. आणि खरं सांगायचं तर हिरवी माशीमार त्याने फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. त्यांच्या गावाभोवती सगळं सूचिपर्णी रान. माशीमार वाढते ओकाखाली. आईचे नियम त्याने पाठ केले होते, पण त्यांची गरज त्याला कधी पडली नव्हती.

त्याने दोन्ही फिकट छत्र्या उलटून पाहिल्यासारखं केलं आणि बाकीच्यांबरोबर सॅकमध्ये टाकल्या.

संध्याकाळी ते उतरले होते त्या प्रवासी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नऊ छत्र्या तळून झाल्या. चुऱ्यात घोळवल्यावर सगळ्या सारख्याच, सोनेरी. कढईत पहिली लहानशी पडली होती. ती आईच्या नियमाप्रमाणे हिनेकने सगळ्यांच्या देखत खाल्ली, आणि ती मऊ, गोडसर, फार छान लागली. ती धरून प्रत्येकाच्या वाट्याला दोन दोन आल्या. उरली एक. शेवटचा तुकडा उचलायचा निर्लज्जपणा कोण करणार? तू घे, तू घे म्हणत ती तशीच राहिली. सकाळी आनेझ्काने ती दोन पावांमध्ये घालून कागदात गुंडाळली. पावात कटलेट घातल्याशिवाय आमचा माणूस रेल्वेत पाऊल ठेवत नाही.

गाडी निघाली तेव्हा हिनेकचं पोट पहाटेपासूनच बिघडलेलं होतं. तासाभरात तो चारदा डब्याच्या टोकाला जाऊन आला. चेहरा चुन्यासारखा.

"व्हेनिस अजून दोनशे किलोमीटर लांब आहे रे," राडेक म्हणाला. "आतापासूनच?"

"सोड त्याला," आनेझ्का म्हणाली. "प्रवास म्हटला की त्याचं असंच होतं. हिनेक, पाणी पी."

तो पाणी प्यायला. त्यालाही तसंच वाटत होतं, नेहमीची भीतीच ही. फक्त या वेळी कळा जरा जास्त.

इटलीची हद्द ओलांडली तशी आनेझ्काने कागद उलगडला. "अर्धी अर्धी, शार्का?" तिने पाव मोडायला घेतला आणि चुऱ्याचं कवच खपलीसारखं निघून तिच्या मांडीवर पडलं. आतली छत्री उघडी पडली. हिनेक समोरच बसला होता.

छत्रीवर खवले नव्हते. कातडी गुळगुळीत होती, आणि तळल्यानंतरही तिच्यावर शेवाळी झाक होती.

त्याने झडप घालून पाव हिसकावला. शार्का किंचाळली.

"अरे, वेड लागलं का?" आनेझ्का ओरडली. "मागितलं असतंस तर दिलं असतं!"

हिनेकने पाव दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. सांगितलं तर काय होईल हे त्याला लख्ख दिसत होतं. आयुष्यात एकच गोष्ट त्याला येत होती आणि तीही आता जाणार. पण राडेकच्या झोळीत फिकट छत्र्या दोन होत्या. एक ही. दुसरी काल रात्री या तिघांपैकी कोणाच्या तरी पोटात गेली होती. शार्काने जांभई दिली, तेव्हा त्याला वाटलं, हीच. राडेकने पोट खाजवलं, तेव्हा हिनेकला वाटलं, हाच.

"ही बेडला नाही," तो म्हणाला. "ही बहुतेक माशीमार आहे. हिरवी. अशा दोन होत्या. दुसरी आपण खाल्ली."

राडेक हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला, कारण तोही त्याच गावचा होता. शाळेच्या भिंतीवरचा विषारी आळंब्यांचा तक्ता त्यानेही पाहिला होता. माणूस मरायला एक छत्री पुरे. आधी दहा-बारा तास काहीच होत नाही, मग यकृत जातं.

"त्या मी कापल्या," राडेक म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "हिनेक, त्या दोन्ही मीच कापल्या."

"कढईत मी टाकल्या."

"पण मी जर मुळासकट..."

"कढईत मी टाकल्या, राडेक. आता गप्प बस आणि सॅक उचल."

पुढच्या मोठ्या स्टेशनवर, ट्रिएस्टला, ते उतरले. टॅक्सीला हाक मारायची हिनेकला एरवी हिंमत नव्हती. आज तो सरळ गाडीपुढे जाऊन उभा राहिला. सगळ्या वाटेवर तो एकच प्रश्न तिघांना पुन्हा पुन्हा विचारत होता, "तुला काही होतंय का? खरं सांग. मळमळ? चक्कर?" शार्का रडत होती आणि नाही म्हणत होती. तिच्या प्रत्येक 'नाही'वर त्याला बाकी दोघांसाठी भीती वाटायची. कालच्या तिच्या वाक्याची त्याला इतकी लाज वाटत होती की तिच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

दवाखान्यात पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाव घेतला, छत्री चिमट्याने उलटून पाहिली, कोणाला तरी फोन करून बोलावलं आणि चौघांकडे वळून सावकाश इंग्रजीत विचारलं, "सकाळपासून कोणाच्या पोटात दुखतंय?"

तिघांनी हिनेककडे पाहिलं.

हिनेकने मागे वळून पाहिलं, की ही मंडळी कोणाकडे बघतायत. मागे भिंत होती.

मग त्याला कढईतली पहिली आठवली. लहानशी. मऊ, गोडसर. तो खुर्चीत बसला. पहिली गोष्ट मनात आली ती म्हणजे, सुटले तिघं. एवढं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. ते जेमतेम दोन श्वास टिकलं, मग खरी भीती आली. लिफ्टची, कुत्र्याची, पाण्याची भीती हिच्यापुढे पोरखेळ होती. तो हुंदके देऊन रडायला लागला आणि राडेकने त्याचं डोकं आपल्या छातीशी धरून ठेवलं.

आईला फोन लावला तेव्हा हातात सुई टोचलेली होती.

"आई, मी... आळंबी."

पलीकडे पोस्टातला शिक्क्यांचा आवाज बंद झाला. "बुडखा पाहिलास?"

"नाही."

"कोणी कोणी खाल्ली?"

"फक्त मी. मी तळत होतो ना. पहिली मी खाल्ली."

यारमिलाने दवाखान्याचा पत्ता विचारला.

ती दुसऱ्या दिवशी पोचली, पोस्टाच्याच गणवेशात. बाकी तिघांचं रक्त स्वच्छ निघालं होतं, पण कोणीच व्हेनिसला गेलं नाही. तिघंही बाहेरच्या बाकावर बसून होते. हिनेकच्या रक्तातले यकृताचे आकडे तिसऱ्या दिवसापर्यंत चढत गेले. दुसऱ्या शहरातून यकृत मिळेल का, अशी बोलणीही झाली. चौथ्या दिवशी आकडे जागीच थांबले, आणि पाचव्या दिवशी उतरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. पोटदुखी म्हणून आणखी एक दिवस काढला असता, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

त्या दिवशी हिनेकने पहिल्यांदा दोन चमचे सूप घेतलं. आई चमचा धरून बसली होती. चार दिवसांत ती म्हातारी दिसायला लागली होती.

"आई," तो म्हणाला, "घरी तू नेहमी पहिली खायचीस. मीठ बघायला ना?"

"मीठ कशाला बघू? एवढी वर्षं तळतेय, मिठाचा अंदाज नाही का मला?"

"मग?"

यारमिलाने चमचा वाटीत ठेवला. "भीती वाटायची."

"तुला?"

"दर वेळी. सगळं गाव मला विचारून खायचं, रे. मी कोणाला विचारू? तू जेवून झोपलास की सकाळपर्यंत मी तुझ्या खाटेशी बसायचे, तुझं पोट दुखत नाही ना बघत. पहिली मी खायचे, म्हणजे काही असलं तर आधी मला कळेल आणि तुला वेळेवर नेता येईल." तिने डोळे पुसले. "तू भित्रा कोणावर गेलास असं तुला वाटतं?"

"मग एवढी भीती वाटायची तर करायचीस कशाला?"

"तुला आवडायच्या ना," ती म्हणाली आणि चमचा पुन्हा भरला.