नाझनीनच्या स्कॅनमध्ये ते नव्हतंच

हे मी घरी कधी बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आईला कळायचंही नाही म्हणा — मी नेमकं काय करते हे ती अजून शेजारणीला "कम्प्युटरचं काहीतरी" एवढंच सांगते. तुम्ही ऐकताय तर सांगूनच टाकते. मधे अडखळले तर अडखळू द्या.

अमरावतीला राजापेठेत आमचं ऑफिस होतं. खाली साड्यांचं दुकान, वर ट्यूशन क्लास, त्याच्याही वर आम्ही. एखाद्या दवाखान्यानं, पतसंस्थेनं परवानगी दिली की त्यांच्या वेबसाइट आणि सर्व्हर बाहेरून तपासायचे. चोराच्या आधी आपण जाऊन बघायचं, कोणतं दार उघडं राहिलंय. ऐकायला भारी वाटतं ना? डोंबलाचं भारी! अर्धं काम म्हणजे नुसतं निवडत बसणं.

एक टूल साइटची नावं शोधून देतं, दुसरं नुसते आकडे, तिसरं म्हणतं इथे धोका आहे, चौथं म्हणतं काही नाही. एकच मशीन चार ठिकाणी चार नावांनी येते. कुणाची तारीख उलटी, कुणाचे रकाने वेगळे. आणि हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये जुळवायचं कोणी? मी. कावून? तर म्हणे मला नीटनेटकं जमतं! बाकीचे बटन दाबून चहाला जात आणि मी त्यांचा पसारा आवरत बसे. असा संताप यायचा, की कीबोर्ड उचलावा आणि खिडकीतून खाली फेकावा.

नाझनीन दर्यापूरची, रोज बसनं यायची-जायची. माझ्याच वयाची, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर. नावं शोधायचं टूल तिच्याकडे होतं, तो स्कॅन तीच लावायची. तिच्याकडून येई तो ढीग, न निवडलेला, तसाच — कारण निवडायचं काम माझं, हे ठरलेलंच होतं. तरी मी तिच्यावरच खेकसायचे. ती हसायची, डबा पुढे करायची आणि म्हणायची, "तू लय तापते वं."

मग मी एक युक्ती काढली. हो, माझीच. दोन ओळींचा आयपी — म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता — सारखा आला, की त्या एकच धरायच्या. एक ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. आणि सगळ्यांच्या कच्च्या फाइली फक्त माझ्याच मशीनवर असायच्या, त्या जुळवून झालं की पुसून टाकायच्या, परत कुणी उकरत बसायला नको. काम झटपट व्हायला लागलं, ऑफिसचे सर खूश. पण एका पत्त्यावर एकच साइट असते, हे मला कोणी सांगितलं होतं? आमच्याच बिल्डिंगमध्ये एका पत्त्यावर तीन धंदे चालत होते! भाड्याच्या सर्व्हरवरही तसंच असतं, हे या लाइनीत अगदी सुरुवातीला शिकवतात. मला माहीत होतं. माहीत असून केलं.

अकोल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं. सर डोक्यावर उभे, लॅबवाल्यांचे फोनवर फोन. नाझनीनच्या ढिगात एक नाव होतं — लॅबचं जुनं रिपोर्ट-पोर्टल, कधीतरी चाचणीसाठी बनवून विसरलेलं. बाकी कोणत्याच टूलला ते दिसलं नव्हतं. पत्ता मात्र मुख्य साइटचाच. मी ते वाचलं. नीट ऐका — वाचलं मी. उघडून पाहावं असंही वाटलं. आणि मग वाटलं, मरू दे, किती पाहायचं मी एकटीनं? उडवलं.

त्याच पोर्टलमधून पेशंटचे रिपोर्ट बाहेर पडले. त्याला पासवर्डच नव्हता. अकोल्यात कुणाकुणाचे आजार व्हॉट्सॲपवर फिरले. लॅबचे मालक स्वतः गाडी काढून अमरावतीला आले, आमच्या सरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, तुम्हाला हे दिसलं कसं नाही?

ते यायच्या आधी मी एक काम केलं होतं. रिसायकल बिन उघडली. नाझनीनची फाइल अजून तिथेच पडली होती, ते नाव तिच्यात तसंच. परत आणता आली असती, एका क्लिकचं काम. मी बिन रिकामी केली. दोनदा विचार केला का? नाही. सांगायची लाज वाटते, पण नाही केला.

सरांनी मला विचारलं. नाझनीन शेजारीच होती. मी म्हणाले, "नाझनीनच्या स्कॅनमध्ये ते नव्हतंच, सर."

मला वाटलं, ती उसळेल. मी भांडायच्या तयारीनंच आले होते, मनात उत्तरं जुळवून. ती भांडलीच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. आपलं काय चुकलं हे शोधायला तिनं पुन्हा पुन्हा स्कॅन लावला. पण लॅबनं तोवर ते पोर्टल बंद केलं होतं, काय सापडणार? महिना संपला तसं सरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना मला म्हणाली, "तुह्या कामाले मी डाग लावला वं." आणि मी? मी तिच्या पाठीवर हात ठेवला! काय म्हणावं अशा बाईला?

या दिवाळीनंतर दर्यापूरला एका लग्नाला गेले होते. तिथे स्टँडजवळ नाझनीनच्या भावाचं सेंटर आहे, त्यात ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिनं लांबून ओळखलं, बसवलं, चहा मागवला. समोरच्या बाईंचा आधार नंबर तिनं टाकला, तपासला, पुन्हा तपासला, मग त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावला. मागचे लोक वैतागले होते. "माह्या डोयावर माह्याच भरोसा नाही राहिला," असं म्हणून हसली.

चहा पिताना तिनं विचारलंच. इतक्या वर्षांनी.

"शुभा, एक सांग. ते नाव माह्याकडून कावून सुटलं असन वं? मी अजून इचार करून राहिली."

सांगायला होतंच किती? सुटलं नव्हतं, तुला सापडलं होतं, मी उडवलं. एवढंच तर.

मी म्हणाले, "होते वं कधी कधी असं."

मग अमरावतीची गाडी लागली. मला खिडकीजवळ जागा मिळाली आणि बरं वाटलं.