केळीला विचार

चेन्नईत आज शेजाऱ्यांनी अंगणातला ओला पाला पेटवला आणि त्या कडवट धुरासरशी मी शहाद्याजवळच्या आमच्या केळीच्या बागेत जाऊन उभी राहिले.

पौषातली पहाट होती. गारठ्याने केळी करपू नये म्हणून माझे वडील, नाना, बांधावर पाला जाळून धूर करत होते. डोळे लालभडक, मिशीवर राख. मला चेन्नईतल्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. शालीत गुरफटून मी म्हटलं, मी नाही जाणार, अशी थंडी तिकडे कुठे मिळायची?

नानांनी करपलेलं एक पान ओरबाडून माझ्या हातात कोंबलं.

"तू गोधडीमा ऱ्हास, म्हनीसन तुले थंडी गोड लागस. ह्या केळीसले इचार! जाय तू. आठे तुन्हं काय काम शे?"

मी रागाच्या भरात निघून आले. आज वाटतं, त्यांचं खोटं नव्हतंच. त्या थंडीत मी कधी राबलेच नव्हते.

धूर विरायच्या आत घरी फोन लावला.

"नाना, थंडी पडनी का?"

पलीकडे ते खोकले.

"पडनी. तू गई, तरी पडनी."