नागम्माची गोष्ट

परवा सुनेनं करडईचं तेल तापवलं आणि त्या उग्र वासासरशी मी अफजलपुरात, नागम्माच्या अप्पांच्या तेलघाण्यावर जाऊन पोचले. निजामी राज्य संपत आलं होतं. शाळेत सगळं उर्दूत. दुपारी मात्र आम्ही दोघी मैत्रिणी पेंडीच्या पोत्यांवर बसून मराठीत गोष्टी लिहायचो. एक ओळ तिची, एक माझी.

त्या दुपारी एक घोडेस्वार पाणी प्यायला थांबला. खांद्याला बंदूक होती.

"क्या लिखते बेटा? सुनाव," तो मायेनं म्हणाला.

नागम्मानं हौसेनं वाचलं. एका जुलमी राजाची सगळी रयत त्याला सोडून जाते, अशी ती गोष्ट होती. तो शेवटपर्यंत ऐकून हसला.

"अच्छा लिखते. घर किधर है?"

तिनं बोटानं दाखवलं. आमचं लिखाण पहिल्यांदाच कुणी ऐकलं होतं. त्या हसण्याची भीती मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

तिनं सांगितलं तसा अप्पांनी फिरता बैल थांबवला.

"घर दावलीस?"

"व्हय. कामून, अप्पा? त्येला आवडली की गोष्ट."

अप्पा गाडी जुंपायला लागले. दिवस मावळायच्या आत ते सगळे भीमा ओलांडून सोलापूरकडं गेले. नागम्मा पुन्हा भेटली नाही.

सकाळी रझाकार घोड्यांवरून आले आणि थेट तिच्या दारापुढं थांबले. घर रिकामं बघून त्यांनी छपराला आग लावली. आम्ही शेजारी कडी लावून बसलो होतो. आईनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता.